गुलामांच्या हातात दिलेलं कॅलेंडर

आजचा शास्त्रभाग : निर्गम 12:1-14



एक साधा प्रश्न विचारतो. आपलं वर्ष कधी सुरू होतं? तुम्ही म्हणाल, 1 जानेवारीला. पण शेजारच्या काकू म्हणतील, गुढीपाडव्याला. ऑफिसातले अकाउंटवाले म्हणतील, 1 एप्रिलला. आणि शाळेतल्या मुलांचं वर्ष तर जूनमध्ये सुरू होतं. म्हणजे एकाच शहरात, एकाच बिल्डिंगमध्ये तीन-चार नवी वर्षं आरामात नांदतात. म्हणून पवित्र शास्त्रातलं वर्ष वेगळ्याच महिन्यात सुरू होतं, हे वाचून आपण गोंधळायचं कारण नाही. विचार करायचा तो यावर की ते वर्ष देवाने कोणाला दिलं आणि कधी दिलं.

निर्गमाच्या 12व्या अध्यायात इस्राएल लोक अजून मिसर देशातच आहेत. समुद्र दुभंगलेला नाही, दहा आज्ञा मिळालेल्या नाहीत, फारोची पकड सुटलेली नाही. अशा वेळी परमेश्वर मोशे आणि अहरोन यांच्याशी बोलतो, आणि सगळ्यात आधी सांगतो की हा महिना तुमच्यासाठी वर्षाचा पहिला महिना होईल. कोकरू, रक्त, बेखमीर भाकर हे सगळं त्यानंतर येतं. आधी कॅलेंडर!

असं का? थोडं मागे, 5व्या अध्यायात जा. मोशे फारोकडे काय मागतो? रानात जाऊन परमेश्वराचा सण करायला सुट्टी. फारो काय करतो? लोक आळशी झालेत म्हणतो, विटांसाठी मिळणारा पेंढा बंद करतो, आणि विटांची रोजची संख्या मात्र तेवढीच ठेवतो. गुलामाला स्वतःचा वेळ नसतो. त्याचा सोमवार मालकाचा, त्याची सकाळ मुकादमाची. अशा माणसांना देव सांगतो की तुमचं वर्ष मी तुम्हाला सोडवलं त्या महिन्यापासून मोजा. पाय अजून मिसरात होते, पण वेळ फारोच्या हातातून निघाला होता.

आता हे कॅलेंडर चालतं कसं ते समजून घेऊ. पंचांग पाहणाऱ्या महाराष्ट्रात हे समजायला फारसं अवघड नाही.

इब्री महिना चंद्रावर चालतो. नवचंद्र दिसला की महिना सुरू, आणि 15 तारखेच्या आसपास पौर्णिमा. चंद्राचे बारा महिने मिळून सुमारे 354 दिवस होतात, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण 11 दिवस कमी. हा फरक तसाच सोडला तर सण ऋतूंमधून फिरत राहतात. रमजान कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत येतो तो यामुळेच. पण वल्हांडण तसा फिरून चालत नाही, कारण तो आबीब महिन्यात आहे आणि आबीब म्हणजे जवाची हिरवी, कोवळी कणसं. त्या सुमारास पिकाची पहिली पेंढी परमेश्वरापुढे आणायची असते. म्हणून यहुदी लोक 19 वर्षांत 7 वेळा एक जादा महिना घालतात, आपल्याकडच्या अधिक महिन्यासारखा.

त्यामुळेच आपल्या तारखांत वल्हांडण मागेपुढे होताना दिसतो. 2025 मध्ये तो 12 एप्रिलच्या संध्याकाळी सुरू झाला, 2026 मध्ये 1 एप्रिलच्या संध्याकाळी येतो, आणि 2027 मध्ये एकदम 21 एप्रिलला. 2024 मध्ये तर गुड फ्रायडे 29 मार्चला होता आणि वल्हांडण 22 एप्रिलला. त्या वर्षी यहुदी कॅलेंडरात जादा महिना होता, आणि मंडळीचा ईस्टर काढण्याचा हिशोब स्वतंत्र आहे.

आपण रोज वापरतो ते कॅलेंडर सूर्यावर चालतं. त्याची चौकट ज्युलियस सीझरने इ.स.पू. 45 मध्ये लागू केली. 1582 साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी ती सुधारली, तेव्हा 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर उजाडला! हिशोबाला हे कॅलेंडर उत्तम आहे. पण त्यातल्या जुलै आणि ऑगस्ट या महिन्यांना दोन रोमी सत्ताधीशांची नावं आहेत. मोशेच्या पुस्तकांत मात्र महिन्यांना बहुतेक करून नुसते क्रमांक आहेत : पहिला, दुसरा, सातवा. नीसान, किसलेव, अदार ही नावं इस्राएल लोक बाबेलच्या बंदिवासातून घेऊन आले. नहेम्या आणि एस्तेर वाचताना ती आपल्याला भेटतात. म्हणजे पूर्वी एखादा इस्राएली माणूस "तिसरा महिना" म्हणायचा, तेव्हा त्याचा अर्थ व्हायचा, सुटकेच्या महिन्यापासून तिसरा. तारीख सांगता सांगता साक्ष!

मग आजचे यहुदी नवं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये का साजरं करतात? ते रोश हशाना. लेवीय 23 मध्ये हाच दिवस सातव्या महिन्याचा पहिला दिवस आहे, कर्णे वाजवण्याचा. वर्षाचा आकडा तेव्हा बदलतो, पण महिन्यांची मोजणी सुटकेपासूनच राहते. 22 सप्टेंबर 2025 च्या संध्याकाळी त्यांचं 5786 वं वर्ष सुरू झालं.

"संध्याकाळी" हा शब्द पुन्हा पुन्हा येतोय, लक्षात आलं का? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आधी संध्याकाळ होते, मग सकाळ. पवित्र शास्त्रातला दिवस सूर्य मावळताना सुरू होतो. आपला दिवस अलार्मने सुरू होतो, आणि काम उरकलं तर शेवटी झोप मिळते. तिथे दिवसाची सुरुवातच विश्रांतीने होते. आपण झोपलेलो असताना देव जागा असतो, आणि सकाळी आपण त्याच्या चालू कामात जाऊन उभे राहतो. रात्री दोन वाजता लॅपटॉप बंद करणाऱ्या माझ्या भावा-बहिणींनो, हे जरा मनात घोळू द्या.

आणखी एक गोड गोष्ट. लेवीय 23 मध्ये सणांसाठी इब्री शब्द आहे मोएद, म्हणजे ठरवलेली वेळ. दर्शनमंडपाच्या इब्री नावातही हाच शब्द आहे. म्हणजे सण ही भेटीची अपॉइंटमेंट आहे, आणि ती देवाने आपल्याकडून पक्की केली आहे.

अशा वेळा पाळणारे लोक आपल्या कोकणातही होते. बेने इस्राएल समाज तेल गाळायचा व्यवसाय करायचा, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना "शनवार तेली" म्हणू लागले. पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या यहुदी समाजापासून दूर राहूनही त्यांनी शब्बाथ सोडला नाही. शेजाऱ्यांनी त्यांना त्यांच्या थांबण्याच्या दिवसावरून ओळखलं. आपल्याला ओळखणारे आपल्याबद्दल काय सांगतील? "हा कधीही फोन कर, ऑनलाइनच असतो"?

आता एक सावधगिरीचा शब्द. काही जण म्हणतात की खऱ्या विश्वासणाऱ्याने इब्री कॅलेंडरच पाळायला हवं, नाहीतर देव नाराज होतो. पौलाने कलस्सैकरांस पत्रात स्पष्ट सांगितलं आहे की सण, नवचंद्र आणि शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये. त्या गोष्टी छाया आहेत, वास्तव ख्रिस्तामध्ये आहे. गलतीकरांनी दिवस आणि महिने पाळण्यावर भरवसा ठेवायला सुरुवात केली, तेव्हा तो फार कळवळला. कॅलेंडर आपलं तारण करत नाही. भिंतीवरचं कालनिर्णय काढायची गरज नाही, आणि 31 डिसेंबरला वॉचनाइटला जाणं हे काही पाप नाही.

पण छाया पाहिल्यावर ती कोणाची आहे हे पाहावंसं वाटतंच ना? पहिल्या महिन्याच्या 10व्या दिवशी कोकरू घरात आणायचं, 14व्या दिवशी संध्याकाळी ते वधायचं. मग पौर्णिमेच्या चांदण्यात लोक मिसरातून निघाले. आपला प्रभू वल्हांडणाच्या दिवसांतच धरला गेला, म्हणजे गेथशेमाने बागेवरही जवळजवळ पूर्ण चंद्रच असणार. पौल येशूला आपलं वल्हांडणाचं कोकरू म्हणतो, आणि मेलेल्यांतून उठलेलं प्रथमफळ म्हणतो. देवाने ठरवलेली भेटीची वेळ चुकवली नाही.

मित्रांनो, आज आपला फारो विटा मोजत नाही, टार्गेट मोजतो. ईएमआयची तारीख, अप्रेझलचा महिना, क्वार्टर एंड यांवरून आपलं वर्ष ठरतं. कोणाला नाइट शिफ्ट आहे, कोणाला रविवारी सुट्टीच मिळत नाही. त्यांच्यावर मला आणखी एक ओझं टाकायचं नाही. मिसरातल्या त्या लोकांनाही सुट्टी मिळाली नव्हती. देवाने त्यांना कामाच्या मधोमध गाठलं आणि सांगितलं, मोजणी माझ्यापासून सुरू करा. ज्याला वाटतं की माझं हे वर्ष वाया गेलं, त्यालाही तो हेच सांगतो. तुझं वर्ष तुझ्या अपयशापासून मोजू नकोस, मी तुला सोडवलं तिथून मोज.

या आठवड्यात एकच करा. एका संध्याकाळी सूर्य मावळताना पाच मिनिटं फोन बाजूला ठेवा आणि म्हणा, "प्रभू, माझा उद्याचा दिवस आता सुरू झाला, आणि तो तुझा आहे." मग जेवा आणि शांत झोपा.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तू गुलामांना वेळ दिलास आणि आम्हांला तुझा पुत्र दिलास. आमच्या डेडलाइन तुला ठाऊक आहेत. त्यांच्या भीतीतून आम्हांला सोडव. आमचे दिवस असे मोजायला शिकव की प्रत्येक तारखेत तुझी सुटका आठवेल. येशूच्या नावाने मागतो, आमेन.