हाड जुळल्यानंतर

साठी उलटलेली बाई न्हाणीघरात घसरते, तोल सावरायला हात पुढे टाकते आणि मनगट मोडतं. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होत जातात, म्हणून या वयाच्या बायकांत हे फार नेहमीचं दुखणं आहे. साधारण सहा आठवडे प्लास्टर राहतं. ते काढल्यावर डॉक्टर एक्स-रे पाहून सांगतात, हाड छान जुळलंय. घरचे निश्चिंत होतात. बाईंची मूठ मात्र वळत नाही. कित्येकदा हात झोळीत ठेवून ठेवून खांदाही आखडलेला असतो, ज्याला पडताना साधं खरचटलेलंही नव्हतं.

हे दुसरं दुखणं बऱ्याच अंशी आपण मायेपोटी ओढवून घेतो, असं माझं ठाम मत आहे. ‘आई, तुम्ही हात हलवू नका, मी करते सगळं’ हे वाक्य घराघरांत मनापासून म्हटलं जातं. दुखणाईताला हलू न देणं हीच त्याची काळजी, ही समजूत आपल्यात खोल रुजलेली आहे. शरीराचा कारभार वेगळा चालतो. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि दाब पडला, सुटला, पुन्हा पडला की तो द्रव कूर्चेत खेळता राहतो. सांधा थांबला की हा पुरवठा मंदावतो. हाड ज्या दिशेने भार पडेल त्याप्रमाणे स्वतःची घडण बदलतं, हे युलिउस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने 1892 साली मांडलं. स्नायू तर काही दिवसांच्या विश्रांतीतच आटायला लागतात.

मग उठा आणि व्यायाम करा, असं सरसकट सांगायचं का? तेही नाही. कंबरेत नुकतीच उसण भरलेल्या रुग्णांवर फिनलंडमध्ये झालेला एक अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस अंथरुणात राहायला सांगितलं, काहींना कंबरेचे व्यायाम दिले, बाकीच्यांना म्हटलं, झेपेल तशी रोजची कामं चालू ठेवा. सगळ्यांत लवकर सावरले ते हे शेवटचे लोक. अंथरुणात राहिलेले सर्वांत मागे पडले, पण व्यायामवालेही कामं करणाऱ्यांच्या मागेच राहिले. म्हणजे हालचालीलाही औषधासारखी वेळ असते आणि मात्रा असते. ती ठरवणं हेच फिजिओथेरपीचं खरं काम.

हे काम जवळून पाहण्यासारखं असतं. बाई कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून स्पंज दाबतात. मग टेबलाच्या कडेवरून पंजा मोकळा सोडून मनगट वर, खाली. ‘काकू, दहापैकी किती दुखतंय?’ ‘पाच.’ ‘रात्रीपर्यंत उतरलं तर उद्याही एवढंच करा. सकाळपर्यंत ठणकत राहिलं तर निम्मं करा, पण बंद करू नका.’ या दोन वाक्यांत रुग्णाच्या हाती एक माप येतं, आणि दुखण्याची भीती ओसरते ती या मापामुळे. पुढचा प्रश्न त्याहून मोलाचा: ‘या हाताने तुम्हाला काय करायचंय?’ ‘भाकरी.’ पीठ मळताना तळव्याच्या टाचेवर जोर येतो, मनगट मागे वळावं लागतं. मग काही आठवड्यांनी व्यायामात पिठाचा गोळाच येतो.

दुखतंय म्हणजे आत काहीतरी बिघडतंय, हे आपण गृहीत धरतो. ताज्या इजेत ते बहुधा खरं असतं, जुन्या दुखण्यात अनेकदा नसतं. काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या मणक्यांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा 2015 साली घेतला गेला. पन्नाशीतल्या सुमारे 80 टक्के लोकांच्या चकत्यांत झीज दिसली. तरीही एमआरआयच्या अहवालात ‘झीज’ वाचून माणसं वाकायचं सोडतात, नातवाला उचलायचं सोडतात, आणि त्या न वाकण्यानेच पाठ आणखी दुबळी होते. अशा माणसाला धीर देत पुन्हा वाकायला शिकवणं हा उपचारच आहे. अर्थात पाय बधिर होत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल किंवा दुखण्याबरोबर ताप असेल, तर आधी डॉक्टर गाठावा.

तक्रार करायची तर ती काही दवाखान्यांबद्दलही करायला हवी. रुग्णाला अर्धा तास ‘करंट’ आणि शेक देऊन घरी पाठवतात. त्याचा हात किती वळतो हे कुणी पाहत नाही. शेकाने घटकाभर बरं वाटतं, ताकद मात्र व्यायामानेच येते. आणि आठवड्यातून तीनदा रिक्षा करून जायचं, तर घरात सर्वांत आधी उपचार सोडते ती बाईच. मुंबईत पोलिओच्या साथीनंतर 1953 साली महापालिकेच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. ज्या विद्येची सुरुवात आपल्याकडे सार्वजनिक रुग्णालयात झाली, ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळायलाच हवी.

तोवर निदान एवढं करा. घरात कुणाला प्लास्टर पडलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा: कोणती बोटं आजपासून हलवायची, खांदा आणि कोपर दिवसातून किती वेळा फिरवायचं, आणि फिजिओथेरपी कधी सुरू करायची. उत्तर कागदावर लिहून घ्या.