लेखणीचा धनी कोण?

मुलांसाठी लिहिण्याचा व्यवसाय करावा, असे एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने घरी सांगितले की दोन प्रश्न हमखास कानावर येतात. वडीलधारी मंडळी विचारतात, "त्यात पोट भरेल का?" आणि स्नेहीसोबती म्हणतात, "लहान मुलांसाठीच तर लिहायचे, त्याचे पैसे कसले घ्यायचे?" पहिला प्रश्न व्यवहाराचा आहे, त्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या हिशेबाच्या वहीत शोधावे. दुसरा मात्र नीतीचा आहे आणि दिसतो तितका निरागस नाही.

नोकरी न करता लेखन-संपादन करणाऱ्याला आपण मुक्त लेखक म्हणतो. मुक्त कोणापासून? साहेबापासून आणि हजेरीपटापासून, एवढे खरे. परंतु त्याच्या कामावर तिघांचा हक्क पोहोचतो. पैसे प्रकाशक देतो, पुस्तक आईबाप विकत घेतात आणि वाचते मूल. या तिघांत मूल एकटेच असे आहे की जे करारावर सही करीत नाही, बहुधा दुकानात निवड करीत नाही आणि पुस्तक फसले तर तक्रारही करीत नाही. ते पुस्तक मिटून खेळायला निघून जाते. साऱ्या व्यवहारात ज्याचा आवाज कोठेच उमटत नाही, त्याच्या वतीने बोलायचे कोणी? माझ्या मते ते काम लेखकाचे आणि संपादकाचे आहे. मानधनाचा प्रश्नही याच कसोटीला लावून पाहावा.

अशा वेळी साने गुरुजींचे उदाहरण पुढे केले जाते. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तेथे मानधनाचा विचार कोण करणार? पण असामान्य प्रसंगावरून रोजच्या कामाचा नियम बांधणे बरे नव्हे. फुकट मागितलेले लेखन बहुधा उरल्यासुरल्या वेळात होते, आणि मग ते उरलेसुरलेच मुलांच्या वाट्याला येते. चर्चचे बाक करणाऱ्या सुताराला आपण बिनतक्रार मजुरी देतो. त्याच बाकावर बसणाऱ्या मुलांसाठी गोष्ट लिहिणाऱ्याला मात्र आभाराचे पत्र पुरे, असे मानतो. शिवाय फुकट लिहिणे परवडते कोणाला? ज्याचे घर दुसऱ्या मिळकतीवर चालते त्याला. मग मुलांच्या पुस्तकांत सुखवस्तू घरांचेच जग दिसू लागले तर नवल कसले?

प्रेम आणि व्यवहार एका ठिकाणी नांदू शकतात, हे इंग्लंडच्या बिॲट्रिक्स पॉटर या लेखिकेने दाखवून दिले. १८९३ साली एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रातून तिच्या 'पीटर रॅबिट'चा जन्म झाला. पुढे प्रकाशकांनी ते पुस्तक नाकारले, तेव्हा १९०१ च्या डिसेंबरात तिने पदरचे पैसे घालून २५० प्रती छापून घेतल्या. पुस्तक चिमुकल्या हातात मावावे आणि स्वस्त असावे, हा तिचा आग्रह होता. म्हणजे मुलाची बाजू तिने सोडली नाही. पण हीच बाई हिशेबाला पक्की होती. पुस्तक गाजताच १९०३ साली तिने सशाच्या बाहुलीचे पेटंट घेतले, आणि १९०५ साली प्रामुख्याने पुस्तकांच्या उत्पन्नातून हिल टॉप हे शेत खरेदी केले. १९४३ साली ती वारली, तेव्हा चार हजारांहून अधिक एकर जमीन तिने नॅशनल ट्रस्टच्या हवाली केली होती. तिला लोभी म्हणण्याचे धाडस मला तरी होणार नाही.

आपल्याकडे नवखा लेखक दराचा शब्द काढायलाच लाजतो, आणि दर ठरतो तोही बहुधा शब्दांवर. यात एक छुपा मोह आहे. चित्रपुस्तक साधारण २४ किंवा ३२ पानांचे असते, त्यात मजकूर थोडका. आणि खरे कष्ट असतात ते शब्द कापण्याचे. शब्दागणिक पैसे मिळू लागले की पाल्हाळ फायद्याचा ठरतो आणि त्याची किंमत मूल जांभई देऊन चुकवते. म्हणून संपूर्ण कामाचा मोबदला ठरवून मागणे अधिक प्रामाणिक. स्वामित्वहक्काचा १९५७ चा कायदाही वाचून ठेवावा. नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखनाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तोच असतो. हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. हक्क दिल्यावरही, आपल्या लेखनाची नावलौकिकाला बाधक अशी मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडे उरतो.

खरी परीक्षा मात्र संपादनाच्या मेजावर होते. जोडाक्षरे कमी करणे, लांब वाक्य तोडणे, 'प्रतीक्षा' खोडून 'वाट पाहणे' लिहिणे ही संपादकाची रोजची कामे, आणि त्यांत वावगे काही नाही. पण समजा, गोष्टीतली आजी मरते आणि प्रकाशक सुचवतो की पालकांना हे रुचणार नाही, तेव्हा आजीला "गावाला गेली" असे करा. आपल्या घरांत "आजी देवाघरी गेली" हे वाक्य श्रद्धेने उच्चारले जाते. ती थाप नव्हे. "गावाला गेली" ही मात्र निखळ थाप आहे. ज्या मुलाची आजी नुकतीच गेली, ते मूल ही गोष्ट वाचून एस. टी.ची वाट पाहत बसेल. सोपे करणे वेगळे आणि खोटे करणे वेगळे. दोन्ही कामे एकाच लाल पेनाने होतात, म्हणून ती सारखी दिसतात इतकेच.

बोलीचेही तसेच. वसईकडच्या एखाद्या लेखकाने गोष्टीतल्या मुलाच्या तोंडी घरची कादोडी घातली, तर ती सरसकट पुसून पुस्तकी मराठी बसवणारा संपादक शुद्धलेखन राखतो खरा. पण त्या मुलाला जाता जाता सांगतो की तुझे घर छापण्याजोगे नाही. चार शब्द ठेवावेत आणि संदर्भातून उलगडू द्यावेत. मुले मोठ्यांपेक्षा अनोळखी शब्दाला कमी घाबरतात.

या साऱ्यासाठी नकार देण्याची ताकद लागते, आणि ती बहुधा दुसऱ्या मिळकतीतून येते. म्हणून प्रारंभीची काही वर्षे शिकवणी, मुद्रितशोधन, अनुवाद असे काही हाताशी ठेवावे, असे मी नवख्यांना सुचवीन. ज्याच्या घरी चूलच या एका कामावर पेटते, त्याला "ते काम परत कर" असे सांगणे मला अवघड वाटते. त्याने निदान प्रकाशकाला आपली हरकत लेखी कळवावी, आजीचा मृत्यू का राहायला हवा याची कारणे द्यावीत आणि उत्तर येईपर्यंत ते पान हातावेगळे करू नये.