एकसारखा रंग

वडील गेल्यावर वाड्यातलं सामान वाटणीत गेलं. माझ्या वाट्याला ओसरीवरचा सागवानी पेटीबाक आला. त्याचं काळं पडलेलं पॉलिश काढून तो नव्यासारखा करायचा, असं मनात घेतलं.

गावच्या सुतारानं आधीच बजावलं, "लाकूड समदीकडं सारखा रंग पीत न्हाई. फळीचं कापलेलं टोक जास्त पितं, लई गुळगुळीत घासलेलं कमी पितं. आन तेल मुरलेल्या जागी तर रंग धरतच न्हाई."

80 नंबरच्या कागदानं सुरुवात करून 180पर्यंत आलो. रेघेच्या दिशेनंच घासलं. स्पिरिटमध्ये चपडा विरघळवून एक पातळ हात दिला, म्हणजे लाकडाची तहान सगळीकडे सारखी होते. रंग आधी खालच्या अंगाला लावून पाहिला. बैठक झकास उतरली.

अडलं ते डाव्या बाजूच्या फळीवर. तिथं हातभर रुंदीचा काळपट डाग होता. स्पिरिटनं पुसला, घासला, तरी वर येतच राहिला.

"गडद रंग मारा, झाकून जाईल," सुतार म्हणाला.

ब्रश हातात घेतला आणि आठवलं. बाजाराच्या दिवशी मजुरीला आलेले गडी याच बाजूला, खाली जमिनीवर टेकून बसायचे. आम्ही पोरंसुद्धा वर. त्यांच्या डोक्याचं तेल, पाठीचा घाम त्या फळीत मुरला होता.

डाग झाकला, तर बाक सांगणार की इथं सगळे सारखेच बसत होते. ठेवला, तर दुसऱ्याचा अपमान मी शोभेला मांडल्यासारखं नाही का होणार?

आमच्याकडे राबलेले एक आबा अजून आहेत. त्यांना बोलावून फळी दाखवली. त्यांनी हात फिरवला, हसले.

"माझी पाठ हाय की ही!"

"ठेवू का घालवू, आबा?"

"रंगाचं तुमी बघा, मालक. मी मघाधरनं उभा हाय, तेवढं बघा."

मी ओशाळलो. "वर बसा, आबा." ते बसले, पण अगदी कडेला, अंग चोरून. चहा संपेपर्यंत तसेच.

त्या फळीला मी नुसत्या चपड्याचे हात दिले. डाग दिसतो. कुणी विचारलं तर सांगतो. पण आधी बसायला सांगतो.