दूधवाल्याची येझदी

कोकणातल्या एका गावात एक दूधवाला होता. त्याच्याकडे 1983 सालची येझदी मोटरसायकल होती. मागे दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून तो पहाटे निघायचा आणि उन्हं चढायच्या आत सगळ्या वाड्यांवर रतीब घालून परतायचा.

गाडी बनवणारा म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला. सुटे भाग मिळेनासे झाले. तरी त्याची गाडी धावत राहिली. पेट्रोलमध्ये ऑइल तो स्वतः मोजून घालायचा. चेन ढिली पडली तर स्वतः ओढून घ्यायचा.

पुढे दूधवाल्याचे गुडघे गेले. येझदीला किक आणि गिअर एकाच दांडीने. दांडी आत दाबून वर उभी केली की तिचीच किक होते. ती मारण्याची ताकद आता त्याच्या पायात उरली नाही. गाडी पडवीत उभी राहिली. दूधवाला तिला रोज मऊ फडक्याने पुसू लागला.

एक दिवस गावातला तरुण पाववाला आला.

"काका, गाडी विकता का? सायकलने चढ चढता चढता वेळ जातो. वरच्या दोन वाड्या रोज राहून जातात."

"घरच्या माणसाला कुणी विकतं का?" दूधवाला म्हणाला. पाववाला निघून गेला.

दोन पावसाळे गेले. दूधवाल्याचा जुना मित्र त्याला भेटायला आला. तो मिस्त्री होता.

"बघ, नवी वाटते की नाही?" दूधवाल्याने विचारलं.

मिस्त्रीने किक मारली. पुन्हा मारली. गाडी सुरू होईना. त्याने कार्बोरेटर खोलला. आतलं पेट्रोल केव्हाच उडून गेलं होतं. तळाला चिकट, काळपट ऑइल साचलं होतं. जेटचं भोक बुजलं होतं. मग त्याने टाकीचं झाकण काढून आत बोट फिरवलं आणि ते दूधवाल्याच्या फडक्याला पुसलं. फडक्यावर तांबडा गंज उमटला.

"मी रोज पुसत होतो रे," दूधवाला म्हणाला.

"बाहेरून," मिस्त्री म्हणाला.

दूधवाला बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दुरुस्त कर."

मिस्त्रीने टाकीत बारीक खडी आणि थोडं पेट्रोल घालून ती खळखळून हलवली. गंज निघाला. जेट साफ केला. गाडी धूर सोडत सुरू झाली.

दूधवाल्याने पाववाल्याला बोलावलं.

"गाडी घेऊन जा. पैसे नकोत. पण रंग बदलायचा नाही. पावसात न्यायची नाही. दर रविवारी मला आणून दाखवायची."

पाववाला विचारात पडला. "काका, पावसात नेली नाही, तर चार महिने पाव कसे पोचवू?"

मिस्त्री दूधवाल्याला म्हणाला, "अशा अटी घालून फुकट दिलीस, तर गाडी तुझीच राहील. फक्त दुसऱ्याच्या पडवीत उभी राहील."

दूधवाल्याला ते पटलं. त्याने सगळ्या अटी सोडल्या. दोघांना परवडेल अशी किंमत ठरली. दूधवाल्याने पैसे मोजून घेतले आणि गाडी पाववाल्याच्या नावावर करायला 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या. मग ऑइल मोजायचं माप पाववाल्याच्या हातात देऊन, ते किती घालायचं हे त्याला नीट समजावलं.

पावसाळ्यात एकदा पाववाला रस्त्यात भेटला. गाडी चिखलाने भरली होती. टाकीवर मोठा ओरखडा उठला होता. दूधवाल्याने तो पाहिला.

"आता किती वाड्या होतात?" त्याने विचारलं.

"सगळ्या," पाववाला म्हणाला.

दूधवाल्याने त्याच्याकडून दोन पाव घेतले आणि तो समाधानाने घरी गेला.

तात्पर्य : आवडती वस्तू आपल्या हातून चालेनाशी झाली, की ती चालवणाऱ्याच्या हाती द्यावी आणि देताना पूर्ण द्यावी.