पत्रकावर नसलेलं नाव

लीड्समध्ये आमच्या घराजवळ एक चॅरिटी शॉप आहे. तिथल्या कोपऱ्यातल्या खोक्यात विणकामाची जुनी पत्रकं असतात. मागच्या हिवाळ्यात त्यातून मी १९४०च्या दशकातलं एक पत्रक आणलं: कमरेपर्यंतचा आखूड स्वेटर, खांद्याशी फुगीर बाह्या, बारीक सुया, एकच माप. ३४ इंच छाती. माझी ३८. इंचाला ७ टाके, म्हणजे २८ टाके वाढवायचे. पुढे चौदा, मागे चौदा. सोपं वाटलं ना? मुंढ्यापाशी पोचल्यावर कळलं की टाके कुठे आणि किती ओळींनी कमी करायचे, तो सगळा हिशेबच नव्यानं मांडावा लागतो. तीन वेळा उसवलं. मग मनात आलं, हा मूळ हिशेब केला कुणी?

पत्रकावर लोकरीच्या कंपनीचं नाव ठळक आहे. ज्या व्यक्तीनं नमुना विणून पाहिला, टाके मोजले, तिचं नाव कुठेच नाही. त्या काळच्या बहुतेक पत्रकांचं असंच. आणि चूक परवडण्यासारखी नव्हती. १ जून १९४१पासून ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. दोन औंस लोकरीला एक कूपन जाई. हिशेब चुकला तर लोकर उसवून परत वापरता येई, पण गेलेल्या संध्याकाळी परत येत नसत. अनोळखी बायका त्या अनाम माणसाच्या आकड्यांवर विश्वास ठेवून सुया हातात घेत होत्या.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? सुलट-उलट टाके कुणाच्या मालकीचे थोडेच आहेत! आपल्या जात्यावरच्या ओव्यांनाही कुठे नाव असतं? मीही बरेच दिवस हेच म्हणत होते. पण दोन्हींत फरक आहे. ओवी कुणी विकत नव्हतं. ती गाणारीची होई, तिच्यात ती आपलं माहेर, आपला भाऊ घाली. पत्रक मात्र पैसे देऊन घ्यायचं होतं, आणि त्यावर एक नाव छापलेलं होतंच. जिथे कुणाचंच नाव नाही तिथे अनामिकता म्हणजे सगळ्यांची मालकी. जिथे एकाचं नाव आहे आणि दुसऱ्याचं गाळलंय, तिथे तो निर्णय असतो.

कायदा याचा निकाल लावून मोकळा होतो. इथे अनाम कृतीचा कॉपीराइट साधारणपणे प्रकाशनानंतर ७० वर्षांनी संपतो. पण देणं संपलं म्हणजे ऋण फिटलं असं होतं का? मला वाटतं, नाही. देणं कुणाला तरी चुकतं करता येतं. ज्याचा पत्ताच नाही त्याचं ऋण पुढच्यालाच द्यावं लागतं.

हे सगळं तुम्हाला सांगतेय, कारण त्याच आठवड्यात माझा एक शोधनिबंध जर्नलकडे गेला होता. त्यातली मोजमापं ज्या तंत्रज्ञ बाईंनी सहा महिने पुन्हा पुन्हा तपासली, त्यांचं नाव मी घातलं नव्हतं. 'ते त्यांचं कामच आहे' असं मनाशी म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं; मीच गाळलं होतं. मुंढ्याचे टाके मोजताना ते टोचलं. निबंध अजून परीक्षकांकडे आहे. सुधारित प्रतीत लेखकांच्या यादीत त्यांचं नाव असेल. त्यांना विचारलं, तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, आडनावाचं स्पेलिंग नीट लिही.

स्वेटर झालाय. पत्रकाच्या मागे मी ३८ इंचाचा हिशेब पेन्सिलीनं लिहून ठेवलाय, खाली तारीख आणि माझं नाव. त्याच्या वर एक ओळ: 'मूळ हिशेब दुसऱ्या कुणाचा, नाव छापलेलं नाही.' पत्रक परत त्याच खोक्यात ठेवणार आहे. तुमच्या कपाटात आईनं किंवा मावशीनं विणलेला एखादा स्वेटर असेल, तर आतल्या बाजूला तिचं नाव टाका. आज ते कुणाला तरी आठवतंय, तोवर.