केगमधला फेस आणि चार्वाकाचे मद्य

चार्वाकाचा एक दृष्टान्त भारतीय दर्शनांत शतकानुशतके वादाचा विषय राहिला. धान्यात नशा नाही, गुळात नाही, पाण्यातही नाही; पण ती एकत्र आली आणि त्यांत किण्व पडले की मादकता उपजते. त्याचप्रमाणे पृथ्वी, जल, तेज आणि वायू यांच्या मिश्रणातून चैतन्य उपजते, त्यासाठी निराळा आत्मा मानायचे कारण नाही.

प्रतिपक्षाने दृष्टान्तावरच बोट ठेवले. सांख्यांच्या मते कार्य कारणात आधीच असते, म्हणून मादकताही घटकांत सूक्ष्मरूपाने असलीच पाहिजे. जैनांच्या गणधरवाद या संवादात महावीर शंका घेऊन आलेल्या वायुभूतीला हेच सांगतात आणि धातकीच्या फुलाचे उदाहरण देतात. धातकी म्हणजे धायटी, सह्याद्रीत सर्वत्र आढळणारे लाल फुलांचे झुडूप. आयुर्वेदात आसव-अरिष्टे आंबवताना हीच फुले घालतात. फुलांत मध असतो आणि त्यांच्यावर रानटी यीस्टही असते. गणधरवादाला यीस्ट ठाऊक नव्हते, पण घटकांकडे नीट पाहण्याची त्याची सूचना योग्यच ठरली.

पाश्चरने १८५७ पासून आंबणे हे सजीवांचे काम असल्याचे दाखवायला सुरुवात केली. त्यामुळे चार्वाकाचा दृष्टान्त लंगडा पडला. निर्जीवातून चैतन्य कसे येते ते दाखवायला घेतलेल्या उदाहरणात जीव आधीपासूनच होता. मात्र १८९७ मध्ये बुखनरने यीस्ट चिरडून गाळलेल्या, एकही जिवंत पेशी नसलेल्या रसाने साखर आंबवली. मादकतेला जिवाची नव्हे, त्याने घडवलेल्या विकरांची (एन्झाइमांची) गरज असते. चार्वाकाचे निम्मे परत आले म्हणायचे. पण ती विकरे घडवली जिवंत पेशींनीच.

आंबताना साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतात. मद नंतरही द्रवात टिकतो, वायू मात्र बहुतांश उडून जातो. म्हणूनच बिअरला फेस आणण्याचे काम वेगळे करावे लागते, आणि गुण घटकांत आधीच असतो की नव्याने उपजतो, हा दर्शनांचा जुना प्रश्न इथे जास्त स्वच्छ दिसतो.

घरगुती बिअरसाठी बहुधा १९ लिटरचा स्टीलचा केग वापरतात. तो मूळचा शीतपेयांच्या सिरपचा. आंबणे पूर्ण झाल्यावर गाळ मागे ठेवून बिअर निर्जंतुक केलेल्या केगमध्ये उतरवतात, वरची हवा कार्बन डायऑक्साइडने हाकलतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासतात. पुढे दोन वाटा आहेत. एक, थोडी साखर घालून केग बंद करायचा. उरलेले यीस्ट दोनेक आठवड्यांत स्वतःच वायू करते. दुसरी, सिलिंडरचा वायू सोडायचा: ३-४ अंश सेल्सियसला, दर चौरस इंचाला १०-१२ पाउंड दाब ठेवला की आठवडा-दहा दिवसांत बिअर तयार. थंडावा हवाच. त्याच दाबाला ३० अंशांवर ४ अंशांच्या निम्म्याहूनही कमी वायू विरघळतो, आणि नाशिकचा मे महिना तर त्याहून तापतो.

मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा) परवान्याविना मद्य बनवू देत नाही, त्यामुळे नाशिकच्या स्वयंपाकघरात हा प्रयोग गुन्हा ठरतो. पहिल्या वाटेचे परवानाधारक रूप मात्र जिल्ह्यातच, दिंडोरीत आहे. तिथे २०१३ पासून बाजारात असलेली ‘शँडन’ ही फसफसती वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात. दुसरी, बाहेरून वायू भरण्याची वाट गोटी सोड्याची. तीही शेवटी बिअरकडेच जाते: १७६७ मध्ये प्रीस्टलीने लीड्सच्या मद्यशाळेत आंबत्या पिंपांवर साचणारा वायू अभ्यासला आणि पाण्यात मिसळला.

यीस्टचा फेस अस्सल आणि सिलिंडरचा उपरा, असे मानणारे पुष्कळ आहेत. पण दोन्हींचा रेणू एकच. दीर्घकाळ बाटलीत आंबलेल्या वाइनची चव वेगळी लागते ती मृत यीस्टच्या सहवासामुळे, वायूमुळे नव्हे. शिवाय सिलिंडरचा वायू अनेकदा एखाद्या डिस्टिलरीतल्या आंबवणीतूनच गोळा केलेला असतो. आणि २० अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये लागणाऱ्या वायूचा सुमारे तिसरा हिस्सा आधीपासूनच विरघळलेला असतो. आत आणि बाहेर यांतली रेषा इतकी पुसट आहे.

अशा जोडणीचे दोन प्रकार, संयोग आणि समवाय, वैशेषिक दर्शनाने वेगळे केले. जी जोडणी तुटू शकते तो संयोग. जिच्यातले संबंधी वेगळे होऊन राहू शकत नाहीत तो समवाय. फेस हा बव्हंशी संयोग आहे. १८०३ मध्ये हेन्रीने सांगितल्याप्रमाणे विरघळलेला वायू वरच्या दाबाच्या प्रमाणात असतो; झाकण उघडले की तो निघू लागतो. थोडासाच पाण्याशी जुळून कार्बोनिक आम्ल होतो आणि जिभेला चुरचुर देतो. म्हणजे फेस धान्यात नव्हता, सिलिंडरमध्येही फेस म्हणून नव्हता. दाब आणि थंडावा असेतोवरच तो टिकतो. चार्वाकाला असा उपजणारा गुण हवा होता, पण जो फक्त परिस्थितीच्या आधारावर उभा आहे, तो चैतन्यासाठी दृष्टान्त म्हणून घेतला तर चैतन्याचे टिकणेही तितकेच परस्वाधीन मानावे लागते. चार्वाकाला ते मान्य असतेच: देह मोडला की चैतन्य गेले, हेच त्याचे म्हणणे.