कंठ आणि प्राण

प्राण वाचविणे हा वैद्याचा पहिला धर्म होय, याविषयी दुमत नाही. परंतु प्राण वाचविताना रोग्याचे दुसरे काय काय हिरावून घेण्याची मुभा या धर्माने मिळते, आणि ती मुभा कोणी द्यावयाची, हे आपण सहसा विचारीत नाही. स्वरयंत्राच्या कूर्चेत उद्भवणारा एक विरळ कर्करोग हा प्रश्न फार स्पष्टपणे पुढे आणतो. म्हणून त्याच्याच आधारे येथे थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

लातूर जिल्ह्यातील औसा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस किल्ल्यामुळे ठाऊक असले, तरी वारकऱ्यांस ते नाथ संस्थानामुळे व तेथील चक्रीभजनामुळे ठाऊक आहे. अशा गावातील साठीच्या एका कीर्तनकाराची आपण कल्पना करू. दोन वर्षांपासून त्याचा आवाज बसत आहे. घरच्यांनी त्याचा दोष वयाला दिला. आता चार पावले चालताच श्वास अडतो. तपासणीअंती कळते की, मुद्रिका कूर्चेच्या मागील रुंद भागात गाठ आहे, आणि ती कर्करोगाची आहे. हा शब्द कानी पडताच आप्तेष्ट एकमुखाने म्हणतात, ‘गळा गेला तरी चालेल, माणूस वाचवा.’

हे म्हणणे अविचाराचे नव्हे. १८८७ साली जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याच्या स्वरयंत्रात गाठ दिसली. ती कर्करोगाची की नव्हे यावर वैद्यांत वाद माजला, मोठी शस्त्रक्रिया टळली, आणि राज्यपदावर अवघे ९९ दिवस राहून १५ जून १८८८ रोजी तो निवर्तला. स्वरयंत्राचा नेहमीचा कर्करोग, जो बहुधा तंबाखूच्या व्यसनातून जडतो, विलंबाला क्षमा करीत नाही. लोकांच्या मनातील भीती या अनुभवातूनच आलेली आहे.

परंतु कूर्चेच्या कर्करोगाचा स्वभाव निराळा. स्वरयंत्राच्या शंभर कर्करोगांत तो एकही भरत नाही. तो बहुधा अत्यंत सावकाश वाढतो आणि दूरच्या अवयवांत क्वचितच पसरतो. किरणोपचाराला तो फारशी दाद देत नाही. शस्त्रक्रिया हाच त्याचा मुख्य उपाय. पाच वर्षांच्या अंती या रोगाने न दगावलेले रोगी शंभरांत नव्वदांच्या आसपास वा त्याहूनही अधिक आढळतात. आणि सर्वांत विचारणीय गोष्ट ही की, सौम्य प्रतीची गाठ असता ज्यांचा केवळ रोगट भाग काढून स्वरयंत्र राखले, त्यांचे आयुष्य संपूर्ण स्वरयंत्र काढलेल्यांपेक्षा कमी भरल्याचे दिसत नाही. अर्थात याला मर्यादा आहेत. मुद्रिका कूर्चा हे श्वासमार्गातील एकमेव अखंड कडे आहे. ते बहुतांश पोखरले गेले असेल, अथवा गाठ उग्र प्रतीची असेल, तर संपूर्ण स्वरयंत्र काढण्यावाचून गत्यंतर नसते.

तेव्हा ‘कंठ की प्राण’ हा पेच पुष्कळदा रोगाने घातलेला नसतो. तो केवळ नावाने घातलेला असतो. सामान्य रोगाचा नियम विरळ रोगाला लावणे ही वरवर सावधगिरी दिसते, परंतु आमच्या मते तो अन्यायच होय. कारण त्यात समोरच्या माणसाचा विचार न होता त्याच्यासारख्या न दिसणाऱ्या शेकडोंचा विचार होतो. श्वासनलिका व अन्ननलिका यांमध्ये लहानशी झडप बसवून गेलेली वाचा पुष्कळ अंशी परत आणता येते, हे खरे. पण त्या आवाजात अभंग आळविता येत नाही.

मग निवड रोग्यावर सोपविली की आपण मोकळे झालो काय? आम्हांस तसे वाटत नाही. राखलेल्या कंठाला किंमत पडते. राहिलेल्या भागात गाठ पुन्हा उद्भवण्याचा संभव अधिक असतो, कधी दहा वर्षांनीही. ती वेळीच दिसली तर पुन्हा काढता येते, पण त्यासाठी वर्षानुवर्षे तपासणीस गेले पाहिजे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून गोरगरिबांची सेवा करीत आले आहे, परंतु औशाहून तेथवरचा प्रवास, सोबतीचा माणूस, बुडालेली मजुरी, यांचा हिशेब रुग्णालयाच्या कागदावर मांडला जात नाही. ज्याला दरवर्षी जाणे परवडत नाही, त्याने कंठ दिला तर ती निवड म्हणावी की दारिद्र्याचा निकाल?

म्हणून वैद्याचा धर्म शस्त्र खाली ठेवल्याने संपत नाही, आणि समाजाचा धर्म तर तेथे सुरू होतो. ज्या गावाने त्या कीर्तनकाराचा आवाज तीस वर्षे ऐकला, त्याने वर्षातून एकदा त्याच्या वाटखर्चाची सोय केली, तर ते दान नव्हे. ती देण्याची परतफेड होय. एवढे झाल्यावर तो जे ठरवील, मग ते कंठ देण्याचे का असेना, ते खरोखर त्याचे असेल.